फिरत्या इंजिनाचे जळणारे तेल



मोटारीच्या मागून निळसर धूर येऊ लागला की आपण ती मेकॅनिककडे नेतो. तो बोनेट उघडण्यापूर्वीच निदान सांगतो, "ऑइल खातेय, रिंगा गेल्या." तेल खाणे हा इंजिनाचा रोग, हे आपण सारेच धरून चालतो. आज मी ज्या इंजिनाविषयी बोलणार आहे ते मात्र जन्मल्या दिवसापासून तेल खाते. ते खाईनासे झाले तर त्याचे दिवस भरत आले असे समजावे. कारखान्यात ते तयार होते तेव्हाच त्याला तेल भरवणारा एक स्वतंत्र पंप जोडलेला असतो, आणि त्या पंपाने दिलेला थेंब पुन्हा टाकीत परत येत नाही. तो जळून जातो. असे का करावे लागते, आणि त्या इंजिनाला टर्बोचार्जर जोडला म्हणजे हा प्रश्न अधिक बिकट का होतो, एवढाच आजचा विषय आहे.

मी इंजिनियर नाही. शाळा लवकर सुटली. यंत्रे समजली ती आधी कारखान्यात आणि मग नगरवाचनालयाच्या टेबलावर. त्यामुळे सांगणार आहे ते कामगाराच्या भाषेत. या विषयाला गणित लागते, पण ते गुणाकार-भागाकारापलीकडे जात नाही.

प्रथम आपले नेहमीचे इंजिन घेऊ. त्यात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, सिलिंडरमध्ये खालीवर करतो. त्याच्या खाली तेलाची टाकी असते. फिरणाऱ्या क्रँकशाफ्टमुळे तेल खालून सिलिंडरच्या भिंतीवर उडते. पिस्टनवरच्या वरच्या रिंगा गॅस अडवतात आणि खालची तेलाची रिंग भिंतीवरचे जास्तीचे तेल खरवडून पुन्हा टाकीत लोटते. मागे उरतो तो तेलाचा अगदी पातळ पापुद्रा. त्या पापुद्र्यावर रिंगा सरकतात. थोडक्यात, पिस्टनचे एक तोंड आगीकडे असते आणि दुसरे तेलाकडे. या दुसऱ्या तोंडामुळे त्याचे वंगण फुकटात होऊन जाते.

आता फिरते इंजिन पाहा. जर्मनीतील फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतून ते निघाले, आणि नेकार्सुल्म येथील एन.एस.यू. या कंपनीत त्याचा पहिला नमुना १९५७ साली चालला. त्यात पिस्टन नाही आणि झडपाही नाहीत. एक घर असते, इंग्रजी आठच्या आकड्याची कंबर बरीचशी भरून काढावी तशा आकाराचे. त्या घरात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. तो रोटर. त्याचा मध्य जागेवर स्थिर नसतो. विकेंद्री दांड्यावर तो डोलत डोलत फिरतो, आणि त्याची तिन्ही टोके घराच्या भिंतीला सदैव लागून राहतात. त्यामुळे रोटर आणि भिंत यांमध्ये तीन खोल्या तयार होतात. त्या फिरता फिरता लहानमोठ्या होतात. प्रत्येक खोली हवा-पेट्रोल आत घेते, दाबते, पेटवते आणि जळलेला वायू बाहेर टाकते. दांड्याचे तीन फेरे होतात तेव्हा रोटरचा एक होतो.

रचना देखणी आहे. पण वंगणाच्या दृष्टीने पाहिले की तिची अडचण लगेच कळते. या त्रिकोणाच्या तिन्ही बाजू आगीकडे आहेत. पिस्टनला जशी खालची बाजू आहे तशी याला नाही. रोटर थंड ठेवण्यासाठी त्याच्या पोटात तेल खेळवतात हे खरे, पण ते तेल बाजूच्या भिंतींवरच्या गोल रिंगांनी आतच कोंडलेले असते. टोकापर्यंत ते पोहोचत नाही.

आणि खरे काम तर टोकावर आहे. प्रत्येक टोकाच्या खाचेत धातूची एक अरुंद पट्टी बसवलेली असते. तिला एपेक्स सील म्हणतात. आपण टोकाची पट्टी म्हणू. एका खोलीत स्फोट चालू असताना शेजारच्या खोलीत वायू शिरू नये, हे तिचे काम. खाली बारीक स्प्रिंग असते, शिवाय दाबलेला वायू खाचेत शिरून पट्टीला मागून भिंतीकडे रेटतो.

या पट्टीला किती राबावे लागते ते एकदा आकड्यांत पाहावे. जपानच्या माझ्दा कंपनीचे १३-बी नावाचे इंजिन या जातीत सर्वांत प्रसिद्ध. त्यात रोटरच्या मध्यापासून टोकापर्यंतचे अंतर १०५ मिलिमीटर, मध्याचे डोलणे १५ मिलिमीटर आणि रोटरची रुंदी ८० मिलिमीटर. त्यावरून एका खोलीचे घनमान सुमारे ६५४ घनसेंटिमीटर येते, आणि दोन रोटर मिळून १३०८. याच मापांवरून हिशेब केला तर रोटरच्या एका फेऱ्यात प्रत्येक पट्टी भिंतीवरून सुमारे ६९ सेंटिमीटर घासत जाते. दांडा मिनिटाला ६००० फेरे करीत असेल तर रोटर २००० करतो, म्हणजे सेकंदाला तेहेतीसहून थोडे अधिक. गुणाकार केला की पट्टीचा वेग सेकंदाला २३ मीटर येतो, तासाला ८३ किलोमीटर. धातूवर धातू या वेगाने घासतो आहे. पिस्टनची रिंग निदान प्रत्येक टोकाला क्षणभर थांबते आणि परत फिरते. या पट्टीला विसावा असा नाहीच. त्यातही ती भिंतीवर सरळ उभी राहत नाही, एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला सुमारे २५ अंशांपर्यंत कलत जाते. साहजिकच भिंतीला तिचा स्पर्श होतो तो एका रेघेपुरता.

ज्यांनी हे इंजिन बाजारात आणायचे ठरवले त्यांना या रेघेने किती छळले, तो इतिहास मोठा आहे. माझ्दा कंपनीचे तेव्हाचे नाव तोयो कोग्यो. हिरोशिमाच्या या कंपनीने १९६१ साली परवाना घेतला आणि केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ इंजिनियरांचा एक गट कामाला लावला. त्यांच्या इंजिनांच्या भिंतींवर आडव्या लाटांसारखे ओरखडे उमटू लागले. पट्टी भिंतीवर थरथरत उड्या मारीत होती. या ओरखड्यांना ते सैतानाच्या नखांचे व्रण म्हणत. गंमत अशी की त्याच इंजिनांतून पांढऱ्या धुराचे लोटही निघत, कारण बाजूच्या रिंगांतून पोटातले तेल नको तिथे गळत होते. जिथे हवे तिथे कोरड आणि जिथे नको तिथे पूर! दोन्ही प्रश्न वेगवेगळे सोडवावे लागले. बाजूच्या रिंगा सुधारून गळती थांबवली, अॅल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनच्या पट्ट्या करून ओरखडे थांबवले, आणि १९६७ साली कॉस्मो स्पोर्ट ही गाडी विक्रीस आली. गळती थांबल्यावर टोकाला तेल देण्याची वेगळी सोय करणे भागच होते. अपघाताने जाणारे तेल बंद करून मोजून जाणारे तेल सुरू करणे, असे या सुधारणेचे सार सांगता येईल.

त्याच वर्षी एन.एस.यू.ने आपली आर.ओ. ८० ही गाडी काढली. गाडी सुरेख होती, १९६८ साली तिला युरोपातला वर्षातील सर्वोत्तम गाडीचा मान मिळाला. पण तिची सीले लवकर झिजली, हमीच्या मुदतीत इंजिनांमागून इंजिने बदलून द्यावी लागली आणि कंपनीची कंबर मोडली. १९६९ साली ती फोक्सवॅगनच्या गटात विलीन झाली. पुढे १९७३ च्या तेलटंचाईनंतर फोक्सवॅगनच अडचणीत आली तेव्हा नेकार्सुल्मचा कारखाना बंद करण्याची भाषा सुरू झाली. १९७५ च्या एप्रिलमध्ये तिथले हजारो कामगार हाइलब्रॉन शहरापर्यंत मोर्चाने चालत गेले. कारखाना वाचला, पण अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. सारा दोष सीलांचा होता असे मी म्हणणार नाही. मंदी होती, पेट्रोल महागले होते. तरीही स्वतःच्या पायावर उभी असलेली एक कंपनी दुसऱ्याच्या दाराशी गेली, त्यात त्या पट्ट्यांच्या झिजेचा वाटा होताच.

असो. तेल टोकापर्यंत पोहोचवायचे कसे, याला दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग आपल्या ओळखीचा. चेतक स्कूटर ज्यांनी चालवली त्यांना आठवत असेल की पंपावर पेट्रोलबरोबर ऑइल मोजून मिसळावे लागे. दोन-स्ट्रोक इंजिनात तेलाची वेगळी टाकी खाली नसते, म्हणून तेल पेट्रोलबरोबरच आत पाठवायचे आणि जाळून टाकायचे. जर्मनीतील काही लहान वांकेल इंजिनांत हेच करीत. दुसरा मार्ग असा, की इंजिनाच्या टाकीतलेच तेल एका पंपाने थेंबाथेंबाने आत सोडायचे. मोटारींसाठी माझ्दाने हा मार्ग धरला.

या पंपाची रचना साधी आहे. इंजिनाच्या दांड्यावरच्या दात्यांकडून त्याला गती मिळते, म्हणजे इंजिन जोरात फिरले की पंपही जोरात फिरतो. त्यात एक बारीक दट्ट्या असतो आणि तो दर खेपेस मोजका थेंब पुढे ढकलतो. त्याची खेप किती लांब असावी हे एका तरफेवर ठरते, आणि ती तरफ जुन्या गाड्यांत सळईने थ्रॉटलला जोडलेली असे. चालकाने पाय दाबला की खेप लांबते. याचा अर्थ, तेलाचे माप दोन गोष्टींवर ठरते: इंजिन किती वेगाने फिरते आहे आणि त्याच्याकडून किती काम मागितले आहे. सुमारे १९८९ पासून आर.एक्स.-७ गाडीत सळई गेली आणि तिच्या जागी संगणकाच्या हुकमाने पायरीपायरीने फिरणारी छोटी विजेची मोटर आली. तत्त्व मात्र तेच राहिले.

पंपातून बारीक नळ्या निघतात. त्या कार्ब्युरेटरच्या काळात कार्ब्युरेटरपाशी जात. पुढे काही तोंडे थेट घराच्या भिंतीत आणि काही हवेच्या मार्गात बसवली गेली. थेंब भिंतीवर पडतो आणि पुढची पट्टी येऊन तो पसरते. दांड्याच्या दर फेऱ्याला एक पट्टी त्या तोंडावरून जाते, म्हणजे ६००० फेऱ्यांना सेकंदात शंभर वेळा. भिंतीवर क्रोमचा थर असतो आणि त्यात मुद्दाम अतिसूक्ष्म खाचा ठेवलेल्या असतात. तेल त्या खाचांत टिकून राहते.

तोंडाचीही एक खुबी आहे. हवा आत घेताना आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, त्यामुळे नळीतले तेल मोजमाप सोडून आत ओढले जाईल. ते होऊ नये म्हणून तोंडात गाळलेल्या हवेची एक बारीक नळी जोडतात. ओढ लागली की हवा आत जाते, तेलाचे माप बिघडत नाही, आणि त्या हवेने तेल फुटून त्याचे बारीक कण होतात.

इथपर्यंतचे गणित साध्या इंजिनाचे. आता टर्बोचार्जर आणू. बाहेर जाणाऱ्या जळक्या वायूत बरीच शक्ती शिल्लक असते. तिच्यावर एक चक्र फिरवायचे, त्याच दांड्यावर दुसरे चक्र बसवून त्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची, एवढेच टर्बोचे काम. फिरत्या इंजिनाचा बाहेर पडणारा वायू फार गरम आणि जोरकस असतो, म्हणून ही जोडी चांगली जमते. माझ्दाने १९८२ साली टर्बो जोडलेले पहिले फिरते इंजिन विक्रीला आणले, १९८५ साली दुसऱ्या पिढीच्या आर.एक्स.-७ मध्ये १३-बी टर्बो दिले, आणि १९९१ साली तिसऱ्या पिढीत एकामागून एक चालू होणारे दोन टर्बो बसवले. त्या गाडीत हवा बाहेरच्या दाबाहून सुमारे दोन-तृतीयांश अधिक दाबाने भरली जाई. तेवढ्याच १३०८ घनसेंटिमीटरमधून जपानी गाडीत आधी २५५ आणि अखेरीस २८० अश्वशक्ती काढली गेली.

या जादा शक्तीचा बोजा अखेर कोणावर पडतो? त्या पट्टीवर. खोलीतला दाब वाढला की खाचेत शिरणारा वायूही तिला अधिक जोराने भिंतीवर रेटतो. उष्णता वाढली की तेलाचा पापुद्रा पातळ होतो. जेव्हा पापुद्रा जाड हवा तेव्हाच तो विरळ होऊ पाहतो. म्हणून दाब वाढेल तसे तेल वाढवावे लागते. इथे सळईच्या पंपाची मर्यादा दिसते. त्याला पायाचा दाब कळतो, हवेचा दाब कळत नाही. थ्रॉटल तेवढाच उघडा असतानाही टर्बो कधी कमी हवा देतो आणि कधी जास्त. संगणकाचा पंप आला त्यामागे हे एक कारण होतेच.

दुसरी अडचण तोंडाची. टर्बोने हवा दाबून भरली की आतला दाब बाहेरच्याहून जास्त होतो आणि ओढ उलटी होते. मघाशी सांगितलेल्या हवेच्या नळीतून दाबलेली हवा आणि तेल मागे फेकले जाईल. म्हणून तिथे एकाच दिशेने उघडणारी झडप ठेवतात. ही शेंगदाण्याएवढी वस्तू निकामी झाली की हवा गळते, नळ्या तेलकट होतात आणि ज्या क्षणी पट्टीला तेल सर्वांत जास्त हवे त्याच क्षणी ते मिळेनासे होते.

तिसरी गोष्ट टर्बोची स्वतःची. त्याचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे करू शकतो आणि त्याच्या बेअरिंगला तेल याच टाकीतून जाते. इंजिन ज्या टाकीतले तेल रोज थोडे थोडे खाते आहे, तिच्यावरच टर्बोचाही जीव. म्हणून अशा गाडीच्या मालकाने पेट्रोल भरताना तेलाची कांडीही काढून पाहावी.

मग सरळ भरपूर तेल का सोडू नये? असे कोणी विचारील. जास्त तेलाने कोळसा धरतो, तो पट्टीच्या खाचेत साचला की पट्टी अडकते. प्लग काळे पडतात. शिवाय तेल मिसळलेले पेट्रोल दाबाखाली वेळेआधी भडकण्याची शक्यता वाढते. टर्बोच्या इंजिनात असा अवेळी भडका उडाला तर पट्टी झिजत नाही, तुटते. तुटलेला तुकडा टर्बोच्या पात्यांतून बाहेर जातो आणि जाताना तीही तोडतो. कमी झाले तर झीज, जास्त झाले तर मोड. म्हणून मोजण्याला एवढे महत्त्व.

या गाड्यांच्या शौकिनांत एक वाद आजही चालतो. काही जण कारखान्याचा पंप काढून टाकतात आणि चेतकसारखे पेट्रोलमध्येच दोन-स्ट्रोकचे ऑइल मिसळतात, बहुधा लिटरला आठ मिलिलिटरच्या आसपास. त्यांचे म्हणणे खोटे नाही. टाकीतल्या तेलात घातलेली रसायने जळण्यासाठी नसतात, त्यांची राख राहते. दोन-स्ट्रोकचे तेल स्वच्छ जळते. टर्बोने दाब वाढवला की पेट्रोल वाढते, त्याबरोबर तेलही आपोआप वाढते. पंपाच्या प्लॅस्टिकच्या नळ्या मात्र जुन्या झाल्या की ठिसूळ होऊन तडकतात. पण दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. घाट उतरताना चालकाने पाय उचलला की अशा गाड्यांत पेट्रोल बंद होते, आणि इंजिन जोरात फिरत असताना पट्टीला एक थेंबही मिळत नाही. दांड्याला जोडलेला पंप अशा वेळीही थोडे देत राहतो. आणि मिसळायला विसरणारा माणूस कोणत्याही पंपापेक्षा लवकर बिघडतो. म्हणून कित्येक जण पंप ठेवून वर थोडे मिसळतात. काही जण पंपाला दोन-स्ट्रोकच्या तेलाची वेगळी टाकी जोडतात. मला हा शेवटचा मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात माप यंत्राकडे राहते आणि तेल कामाला योग्य असे मिळते.

आता थोडे माझ्या धंद्याचे बोलतो. एका कारखान्यात, नाव घेण्याचे कारण नाही, खर्चकपातीची यादी निघाली. यादीत पहिली जागा होती यंत्रांना तेल घालत फिरणाऱ्या माणसाची. वाटाघाटीत साहेब म्हणाले, "तो उत्पादन काय करतो?" प्रश्न त्यांच्या कागदावर बरोबर होता. त्याच्या नावापुढे एकही नग नव्हता. पुढे बेअरिंगा बदलण्याचा खर्च वाढत गेला तेव्हा तो वेगळ्या कागदावर लिहिला गेला आणि दोन कागद कोणी शेजारी ठेवले नाहीत. फिरत्या इंजिनाच्या तेलाचेही असेच होते. तेल संपते ते आज दिसते, पट्टी वाचते ते दहा वर्षांनी दिसते.

याची साक्ष खुद्द माझ्दाने दिली आहे. २००३ साली आलेल्या आर.एक्स.-८ गाडीला टर्बो नव्हता, तिच्यात प्रत्येक रोटरला तेलाची दोन तोंडे होती. २००९ च्या सुधारित गाडीत ती तीन केली आणि पंपही विजेचा दिला. चाळीसहून अधिक वर्षांच्या अनुभवानंतर कारखान्याने तेलाची सोय वाढवली, घटवली नाही. २०१२ साली ती गाडी बंद झाली. २०२३ साली हे इंजिन पुन्हा आले ते एम.एक्स.-३० मध्ये, एकाच रोटरचे आणि ८३० घनसेंटिमीटरचे, चाके न फिरवता वीज तयार करण्यासाठी.

१९४८ च्या फॅक्टरी कायद्याने आपल्याकडे जादा तासांना दुप्पट मजुरी ठरवून दिली. टर्बो म्हणजे इंजिनाकडून घेतलेले जादा काम आहे, आणि ते काम ज्या अरुंद पट्टीच्या जोरावर होते तिची मजुरी तेलाने चुकती करावी लागते. हे तेल गळत नाही आणि वायाही जात नाही. ज्याला ते देणे जड वाटते त्याने जादा काम मागू नये.